अंदमानला सहली नेणाऱ्यांना खुले पत्र : आधी ओहोटीची वेळ पाहा, मग वेळापत्रक छापा

प्रति,
महाराष्ट्रातून अंदमानला सहली नेणारे सर्व आयोजक आणि सहल-व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सहलींच्या पत्रिका आता घरोघरी पोचू लागल्या आहेत. सेल्युलर जेल, राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त, जेवणातले गोडाचे पदार्थ, सगळे त्यांत नीट मांडलेले असते. पण त्याच पत्रिकांत ‘तारामासा हातात घेऊन फोटो’, ‘रॉस बेटावर हरणांना खाऊ घालण्याची मजा’, ‘जारवांच्या जंगलातून थरारक प्रवास’ अशा ओळीही पुन्हा पुन्हा दिसतात. तुमच्याशी खासगीत बोलून हा विषय सुटेल असे आता आम्हांला वाटत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत. पैसे भरणाऱ्या प्रवाशांनीही ते वाचावे, अशी इच्छा आहे.

आम्ही अंदमानातले प्रवाळ, किनाऱ्यावरची झाडे आणि समुद्री कासवे यांवर काम करणारे काही मराठी अभ्यासक आणि मार्गदर्शक आहोत. ज्या खडकांची आणि झाडांची आम्ही नोंद ठेवतो, त्यांवरूनच तुमच्या सहली जातात. लोकांनी अंदमानला येऊ नये असे आम्ही कधीही म्हणणार नाही. मराठी माणूस तिथे श्रद्धेने येतो, पदरचे पैसे साठवून येतो. त्याच्या पायाखाली काय चिरडले जाते हे त्याला कोणी सांगत नाही, आमची तक्रार एवढीच आहे. आणि ती तक्रार तुमच्याकडे अशासाठी की कोणत्या दिवशी, किती वाजता, किती माणसे कोणत्या खडकावर उतरणार हे पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या तुमच्या कचेऱ्यांत ठरते. बेटावरचा बोटवाला ते बदलू शकत नाही.

सुरुवात वेळापत्रकापासूनच करू. नील बेट म्हणजे आताचे शहीद द्वीप. तिथल्या भरतपूर किनाऱ्याची वेळ तुमच्या पत्रिकेत प्रत्येक तुकडीसाठी एकच छापलेली असते, समजा सकाळी दहा. समुद्र मात्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा भरतो. आज दहाला पूर्ण भरती असेल, तर आठवड्याने दहालाच जवळजवळ पूर्ण ओहोटी असते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे पहिल्या तुकडीने जिथे प्रवाळांवरून तरंगत मासे पाहिले, तिथेच पुढच्या आठवड्याची तुकडी गुडघाभर पाण्यात प्रवाळांवर उभी राहते. तेच पैसे, तोच मार्गदर्शक, तीच जागा. फक्त तिथी वेगळी. कोकणातल्या कोणत्याही मच्छीमाराला हे सांगावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार, हे त्याला तोंडपाठ असते. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या, भरती-ओहोटीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी आगाऊ प्रसिद्ध करतो. तुकडीची तारीख ठरली की त्या तक्त्यात पाहून स्नॉर्कलिंगची, म्हणजे मास्क आणि श्वासनळी लावून तरंगत खाली पाहण्याची, वेळ ठरवायला दहा मिनिटे पुरतात.

पाण्याच्या खोलीवर एवढा भर का, हे सांगायला हवे. प्रवाळ म्हणजे चुनखडीच्या सांगाड्यावर ताणलेला जिवंत पेशींचा पातळ थर. बूट घासला, पोहताना पायात घालायची पंख्यासारखी फिन लागली, गुडघा टेकला की तो थर खरवडला जातो. उघड्या पडलेल्या जागेवर शेवाळ बसते, मग तिथे पुन्हा प्रवाळ धरणे अवघड होते. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात आणि काडीसारखे मोडतात. गोलसर, दगडासारखे दिसणारे पोराइटिस जातीचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. परातीएवढा गोळा दिसला तर तो कित्येक वर्षांचा आहे हे समजावे. मोडतोड दिसते तरी. न दिसणारे नुकसान म्हणजे पायांनी उडालेली वाळू. ती प्रवाळांवर बसली की त्यांना चिकट स्राव सोडून ती झटकावी लागते आणि त्यात त्यांची ताकद जाते. दिवसभर तुकड्यांमागून तुकड्या येत राहिल्या, तर झटकायला वेळच मिळत नाही.

उन्हाळी सुट्टीच्या सहलींत ही गोष्ट दुपटीने गंभीर होते. एप्रिल-मे हे अंदमानच्या समुद्रातले सर्वांत तापलेले महिने. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एखादा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे शैवालच त्यांना बहुतेक अन्न पुरवते. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतात, नाही निवले तर उपाशी मरतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. पांढरा पडलेला प्रवाळ अजून जिवंत असतो. त्या अवस्थेत त्याच्यावर पाय पडणे, वाळू बसणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला कामाला जुंपणे. तरीही नेमके त्याच आठवड्यांत ‘पांढरेशुभ्र कोरल’ म्हणून ते प्रवाशांना कौतुकाने दाखवले जाते. समुद्राचे तापमान आपल्या हातात नाही. पण त्या महिन्यांत उथळ खडक सोडून खोल पाण्यातल्या जागा निवडणे, किंवा वन विभाग आणि डायव्हिंग केंद्रे प्रवाळ पांढरे पडल्याचे सांगत असतील तर स्नॉर्कलिंगच रद्द करणे, हे तुमच्या हातात आहे.

पोहता न येणाऱ्यांना स्नॉर्कलिंग कसे करवले जाते, तेही बोलू या. बोटीवरून उतरवतात, गळ्यात जॅकेट, हातात रिंग, आणि मार्गदर्शक ती रिंग ओढत पुढे जातो. घाबरलेला माणूस पाण्यात आडवा होत नाही. तो उभाच राहतो, पाय खाली सोडतो आणि आधार शोधतो. खाली प्रवाळ असतात. मास्कमध्ये पाणी शिरले की पहिली प्रतिक्रिया उभे राहण्याची, आणि जिथे पाय टेकतो तिथे काहीतरी मोडते. यात माणसाचा दोष नाही. त्याला शिकवलेलेच नसते. उपाय साधा आहे. आधी कमरेभर पाण्यात, निव्वळ वाळूच्या तळावर, पंधरा-वीस मिनिटांचा सराव: तोंडाने श्वास घेणे, मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात श्वास सोडत आतले पाणी काढणे, पाण्यावर आडवे पडून हात-पाय सैल सोडणे. हे तीन जमले की माणूस शांत होतो. नवशिक्याला फिन देऊ नयेत. त्याला ती सांभाळता येत नाहीत आणि प्रत्येक फटक्यानिशी वाळू उडते. एका मार्गदर्शकामागे चारच माणसे असावीत. आठ-दहा माणसे एकाच्या गळ्यात बांधली, तर तो फक्त कोणी बुडू नये एवढेच पाहू शकतो. सराव जमला नाही त्या प्रवाशाला खडकावर नेऊ नये. त्याचे पैसे परत करावेत, किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून त्याला प्रवाळ दाखवावेत. बोटही अशी असावी की ती बोयाला, म्हणजे पाण्यावर कायम तरंगत्या खुणेला, दोर बांधून थांबते. खडकावर नांगर टाकणाऱ्या बोटी घेऊ नका. एक नांगर ओढला गेला, तर प्रवाशांच्या अख्ख्या तुकडीने केले नसते इतके नुकसान एकदम होते.

पाव टाकून मासे जमवण्याचा प्रकारही बंद व्हायला हवा. फोटोत मासे दाटीने दिसतात हे खरे, पण पावाला सवकलेले मासे पाण्यात उतरलेल्या माणसांच्या बोटांना चावू लागतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे शेवाळ खरडून खाणारे मासेही पावाकडे वळतात, आणि ज्या खडकावरचे शेवाळ कोणी खात नाही तिथे प्रवाळांची पिल्ले धरत नाहीत.

सनस्क्रीनबद्दल दोन शब्द. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या घटकांचा प्रवाळांच्या पिल्लांवर वाईट परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसले आहे. हवाई राज्याने २०२१ पासून हे घटक असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. प्रवाशांना लेबल वाचायला लावण्यापेक्षा सोबत आणायच्या वस्तूंच्या यादीत पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट लिहा. खांदे आणि पाठ झाकली की लावायचे क्रीम निम्म्याहून कमी लागते.

आता तारामासा. नीलवरच्या नैसर्गिक पुलापाशी ओहोटीलाच जाता येते, आणि ओहोटीला तिथल्या खड्ड्यांत अडकलेले पाणी प्राण्यांनी भरलेले असते: तारामासे, समुद्रकाकड्या, खेकडे, लहान मासे, खडकाला चिकटलेले प्रवाळ. तारामासा पाण्यातूनच प्राणवायू घेतो. तळहातावर घेऊन दहा जणांचे फोटो होईपर्यंत त्याचा श्वास कोंडलेला असतो. समुद्रकाकडी त्रास झाला की आतडी बाहेर टाकते आणि मग ती पुन्हा वाढवण्यात आठवडे घालवते. या समुद्रकाकड्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, संरक्षण आहे. स्थानिक मार्गदर्शक हे प्राणी उचलतो तो बक्षिसीसाठी. त्याला दोष देण्याआधी आपण बक्षिसी कशाची देतो ते पाहू या. तुमच्या व्यवस्थापकाने निघण्यापूर्वीच सांगितले की ‘काही न उचलता दाखवाल तर तुकडीतर्फे एवढी रक्कम’, तर मार्गदर्शक तेच करेल. तो प्राण्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखतो. वाळूच्या किंवा कोरड्या कातळाच्या वाटेने चाला, खड्ड्यात पाय घालू नका, वाकून पाहा. मुलांना यात हात लावण्याइतकीच मजा येते. पाच मिनिटे स्थिर उभे राहिले की लपलेले खेकडे स्वतःहून बाहेर येतात.

शंख-शिंपल्यांचेही तसेच. किनाऱ्यावरचा रिकामा शंख रिकामा राहत नाही. शंखवासी खेकड्याला मऊ पोट लपवायला तोच लागतो, आणि वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. मिळाला नाही तर तो बाटलीच्या झाकणात शिरतो. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलणे हाही गुन्हा आहे. विमानतळावर सामानात सापडला तर जप्त होतो आणि प्रवाशाची अडचण होते. ही सूचना पत्रिकेच्या शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरात देऊन भागत नाही. पहिल्या संध्याकाळी व्यवस्थापकाने ती तोंडाने सांगायला हवी.

रॉस बेटावरच्या, म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावरच्या, हरणांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज सर्वांत खोल आहे. ती हरणे म्हणजे आपल्याकडचे चितळ. ते अंदमानचे नाहीत. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी ते मुख्य भूमीवरून आणून सोडले. अंदमानच्या जंगलात वाघ-बिबट्या नाहीत, रानकुत्री नाहीत, आणि मोठा तृणभक्षक प्राणीही मुळात नव्हता. मोठ्या प्राण्यांत तिथे रानडुक्कर तेवढे. त्यामुळे तिथल्या झाडांच्या रोपांना सतत चरणाऱ्या जनावरांपासून बचाव करण्याची वेळच कधी आली नव्हती. चितळ पोहून एका बेटावरून दुसऱ्यावर गेले आणि पसरले. आज चितळ असलेल्या अनेक जागी वर उंच झाडे दिसतात, पण खाली पाहिले तर रोपे नाहीत, झुडपे नाहीत, जमीन उघडी. म्हातारी झाडे पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कोणी नसेल. झुडपे गेली की जमिनीलगत राहणारे सरडे आणि पालीही कमी होतात.

अशा प्राण्याला ‘अंदमानचे वन्यजीवन’ म्हणून दाखवायचे आणि वर बिस्किटे चारायची, यात दोन चुका एकत्र होतात. चितळ रवंथ करणारा प्राणी आहे. पाव, बिस्किटे, शेव यांतले पीठ आणि साखर त्याच्या पोटात वेगाने आंबते, आम्ल वाढते, पोट फुगते. वासासाठी प्लास्टिकचे वेष्टनही तो गिळतो. शिवाय माणसाला सवकलेला नर शिंगे असतानाच्या दिवसांत लहान मुलाच्या अंगावर येऊ शकतो. चितळांचे काय करायचे हा प्रशासनाचा प्रश्न आहे. पण त्यांना चारणे आजच थांबवता येते. त्याच बेटावर पडक्या इमारतींच्या भिंतींना विळखा घातलेली वडा-पिंपळाच्या कुळातली झाडे आहेत. मुळांनी विटा कशा उकलल्या हे दाखवत अर्धा तास सहज जातो.

दाखवायचेच असेल तर अंदमानचे खरे काय ते दाखवा. झाडांच्या खोडांवर, बागांत, कधी हॉटेलच्या भिंतीवरही तिथे पोपटी रंगाची, तांबडे ठिपके असलेली पाल भर दिवसा फिरताना दिसते. तिचे जवळचे नातलग थेट मादागास्कर आणि मॉरिशसच्या बाजूला आहेत, मधला सगळा महासागर मोकळा. एवढी मोठी गोष्ट न्याहारीच्या टेबलाजवळ बसलेली असते आणि तुमच्या पत्रिकेत तिच्यासाठी एक ओळ नाही!

किनाऱ्यावरची झाडे आमच्या विशेष जिव्हाळ्याची, आणि त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. पाण्याकडून आत चालत गेले तर क्रम दिसतो. आधी वाळूवर पसरलेली मर्यादवेल, मग केवडा, मग करंज, उंडी, समुद्री बदाम, चौकोनी फळांचे बॅरिंगटोनिया, आणि त्यामागे राधानगरला दिसतात तसे सी महुआचे प्रचंड वृक्ष. त्यांच्याही मागे गर्जन आणि पडौक यांचे दाट जंगल सुरू होते. यातली करंज, उंडी, केवडा, मर्यादवेल कोकणातल्या प्रवाशाला घरच्यासारखी ओळखीची आहेत. मर्यादवेल वाळू धरून ठेवते म्हणून मागच्या झाडांना जागा मिळते. मागची झाडे वारा अडवतात म्हणून आतले जंगल खारट फवाऱ्यापासून वाचते. एक पट्टा तुटला की पुढच्या वादळात मागचा तुटतो. ‘समुद्र थेट खोलीतून दिसतो’ अशी हॉटेले तुम्ही मागता. हा देखावा बहुतेक वेळा हाच पट्टा कापून मिळालेला असतो. हॉटेल ठरवताना किनाऱ्याकडची झाडे उभी आहेत का, एवढे एकदा डोळ्यांनी पाहा. झाडांमागचे हॉटेल निवडले तर दुपारी खोल्याही गार राहतात.

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांकडे जाताना नयाडेरा जेट्टीपर्यंत बोट कांदळवनातून जाते. तिथे वेग ही एकच अडचण आहे, पण मोठी. जोरात गेलेल्या बोटीची लाट चिखलाच्या काठावर आदळते, काठ सुटतो, आणि झाडावरून पडून नुकतीच रुजू लागलेली कांदळाची लांब शेंग उपटून वाहून जाते. २००४ च्या भूकंपाने अंदमानच्या उत्तर भागातली जमीन वर उचलली आणि दक्षिण भागातली खाली गेली. उत्तरेकडे खारफुटीच्या मुळांना पाणी मिळेनासे झाले, दक्षिणेकडे ती बुडाली. दोन्हीकडे झाडे मेली. जिथे नवी रुजवण चालली आहे तिथे बोट सावकाश न्यायला सांगणे हे तुमच्या व्यवस्थापकाचे काम आहे. गुहेत चुनखडीच्या लोंबणाऱ्या खांबांना हात लावू देऊ नका. ते एक मिलिमीटर वाढायलाही अनेक वर्षे घेतात, आणि त्वचेचा तेलकटपणा लागला की त्या जागी चुना बसणे थांबते, डाग काळा पडतो.

बाराटांगचा विषय आला म्हणून तिथे नेणाऱ्या रस्त्याबद्दलही इथेच सांगतो. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तो बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता. जारवा ही माणसे आहेत, त्या जंगलाची मालक आहेत. ती सहलीतले आकर्षण होऊ शकत नाहीत. त्यांचे फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे. पत्रिकेतून त्यांचे नाव काढा. बाराटांगला समुद्रमार्गे नेता येते, तिथूनच न्या. तो मार्ग शक्य नसेल त्या दिवशी बाराटांग वगळा.

कासवांचा हंगाम आणि तुमचा हंगाम एकच आहे, थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. अंदमान-निकोबारमध्ये चार जातींची समुद्री कासवे अंडी घालतात: लेदरबॅक, ग्रीन, हॉक्सबिल आणि ऑलिव्ह रिडले. रंगतजवळचा कथबर्ट बे आणि दिगलीपूरकडचा कालीपूर किनारा यांसाठी प्रसिद्ध आहेत. मादी रात्री अंधाऱ्या किनाऱ्यावर येते. दिवे, शेकोटी, गाणी दिसली-ऐकू आली की अंडी न घालताच परत फिरते. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात. माणसाने दिवे लावण्याआधी रात्री किनाऱ्यावरची उजळ बाजू समुद्राचीच असे, म्हणून ती पाण्यात पोचत. आता ती हॉटेलकडे सरपटतात आणि सकाळच्या उन्हात सुकून मरतात. शेकोटी आणि डीजेचा कार्यक्रम या किनाऱ्यांवर ठेवूच नका. कासव पाहायचे असेल तर वन विभागाच्या माणसासोबत, मादी अंडी घालू लागल्यानंतर, तिच्या मागच्या बाजूने, फ्लॅश न वापरता, मोजक्याच लोकांनी जावे. पिल्लू उचलून पाण्यात सोडू नये. वाळूवरून स्वतः सरपटत जाणे त्याच्या वाढीचा भाग आहे. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना उरलेले जेवण घालण्याची सवयही सोडायला हवी. तीच कुत्री रात्री कासवांची घरटी उकरतात.

खाडीत आणि कांदळवनाच्या तोंडाशी उष्टे, मटणा-मासळीची घाण टाकणारी उपाहारगृहे तुमच्या यादीत असतील तर ती काढून टाका. खाऱ्या पाण्यातली मगर अशा जागी पुन्हा पुन्हा येते. २०१० साली राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एक परदेशी पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. मगर तिच्या जागी आहे. लाल पाटी असलेल्या ठिकाणी, संध्याकाळी, खाडीच्या तोंडाशी कोणीही पाण्यात उतरणार नाही हे पाहणे आपले काम.

पाणी आणि बाटल्या, थोडक्यात. चाळीस माणसे, सहा दिवस, माणशी रोज दोन बाटल्या म्हणजे एका तुकडीच्या ४८० बाटल्या, ज्या बेटावरच राहतात किंवा पुन्हा बोटीने न्याव्या लागतात. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि तिथे कोणाचे काही अडत नाही. मोठे जार ठेवा, प्रवाशांना स्वतःची बाटली आणायला सांगा. लहान बेटांवर गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहिरीचा उपसा वाढला की वरची पातळी जेवढी उतरते, त्याच्या कितीतरी पट खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पावसाळ्यापर्यंत सुधारत नाही. मार्च ते मे या काळात रोज चादरी बदलणे आणि पोहण्याचा तलाव असलेले हॉटेल या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

‘प्रवाशांना हेच हवे असते’ हे उत्तर आम्ही ऐकले आहे. प्रवाशाला काय हवे ते पत्रिका वाचूनच ठरते, आणि पत्रिका तुम्ही लिहिता. दर वाढेल ही अडचण खरी आहे: जास्त मार्गदर्शक, बोयाला बांधलेली बोट, समुद्रमार्ग यांचा खर्च आहे. तो वेगळा दाखवा आणि कशासाठी ते लिहा. सेल्युलर जेलच्या कोठडीसमोर चप्पल काढून उभा राहणारा प्रवासी हे समजून घेईल.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक तुकडीची स्नॉर्कलिंगची आणि नैसर्गिक पुलाची वेळ त्या तारखेचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहूनच ठरवावी. प्रवाळांवर किमान दीड मीटर पाणी नसेल तर कोणालाही उतरवू नये.

२. स्नॉर्कलिंगपूर्वी वाळूच्या तळावर सराव, एका मार्गदर्शकामागे चार माणसे, नवशिक्यांना फिन नाहीत, खडकावर नांगर टाकणारी बोट नाही.

३. हरणांना, माशांना, कुत्र्यांना खाऊ घालणे आणि कोणताही समुद्री जीव हातात घेणे पत्रिकांतून, जाहिरातींतून आणि फोटोंतून काढून टाकावे.

४. जारवांचा उल्लेख आकर्षण म्हणून कुठेही करू नये. बाराटांगची सहल समुद्रमार्गेच न्यावी.

५. कासवांच्या किनाऱ्यांवर शेकोट्या आणि रात्रीचे कार्यक्रम नकोत. हॉटेलशी करार करताना समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवण्याची अट लिहून घ्यावी.

६. व्यवस्थापकांना हंगामापूर्वी एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. शिकवायला आम्ही येऊ, मानधन नको. भरती-ओहोटीचा तक्ता वाचायचा कसा, प्रवाळ पांढरे पडल्याचे ओळखायचे कसे, घाबरलेल्या माणसाला पाण्यात आडवे करायचे कसे, हे तिघांनाही उपयोगी आहे: प्रवाशाला, मार्गदर्शकाला आणि खडकाला.

नाताळच्या पत्रिका अजून छापखान्यात आहेत. त्यांत निदान पहिली आणि तिसरी मागणी आत्ता, याच छपाईत बसवता येईल. ज्यांनी ती बसवली त्यांनी पत्रिकेत तसे ठळक लिहावे, म्हणजे प्रवाशांना निवड करता येईल.

आपले,
अंदमानच्या किनाऱ्यांवर आणि जंगलांत काम करणारे काही मराठी अभ्यासक व मार्गदर्शक